एकाच माणसाची अनेक कार्डे

संशयितांची नावे, फोन क्रमांक, वाहने आणि बँक खाती पडद्यावर मांडून त्यांच्यातील संबंध रेषांनी दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरची गरज कोणी विचारली, की मी यॉर्कशायरच्या तपासाकडे बोट दाखवतो. 1975 ते 1980 या काळात पीटर सटक्लिफने उत्तर इंग्लंडमध्ये 13 स्त्रियांचे खून केले. त्याच काळात पोलिसांनी त्याची नऊ वेळा चौकशी केली आणि दर वेळी तो सुटला. 1977 साली खून झालेल्या एका स्त्रीच्या पर्समध्ये पाच पौंडांची कोरी नोट मिळाली होती, आणि ज्या कंपन्यांच्या पगारातून ती गेलेली असू शकत होती त्यांपैकी एकीत सटक्लिफ ट्रकचालक होता. रात्री वेश्यावस्तीत दिसणाऱ्या गाड्यांचे क्रमांक पोलीस टिपत असत. त्यांत त्याची गाडी वारंवार आली होती. हे सारे लीड्समधील कार्डांच्या अवाढव्य संग्रहात होते, पण नोंदी तुंबलेल्या होत्या आणि चौकशीला गेलेल्या अधिकाऱ्याला आधीच्या भेटींची पुरती माहिती अनेकदा नसे. अखेर 2 जानेवारी 1981 रोजी शेफील्डमध्ये तो सापडला, तो गाडीवरच्या बनावट नंबरप्लेटमुळे.

या अपयशातूनच मोठ्या तपासांतील नोंदी सांभाळणारी ब्रिटिश पोलिसांची ‘होम्स’ ही संगणकप्रणाली उभी राहिली. पुढे 1990 साली केंब्रिजमध्ये आयटू ही कंपनी स्थापन झाली आणि संबंध रेषांनी दाखवणारे तिचे ‘अ‍ॅनालिस्ट्स नोटबुक’ हे सॉफ्टवेअर जगभरच्या तपासयंत्रणांत पोहोचले.

तरीही खरे कष्ट रेषा काढण्याच्या आधीचे आहेत, असे माझे ठाम मत आहे. आपल्याकडच्या कॉल रेकॉर्डमध्ये एकच मोबाइल क्रमांक कुठे दहा आकडी, कुठे आरंभी 0 लावून, तर कुठे 91 लावून येतो. तो एकरूप केला नाही, तर पडद्यावर एका फोनचे तीन फोन होतात. चौधरी हे आडनाव तर रोमन लिपीत किती तऱ्हांनी लिहिले जाते! उलट, सर्वाधिक रेषा जिथे मिळतात तो क्रमांक सूत्रधाराचा नसून एखाद्या बँकेच्या ग्राहक सेवेचाही निघतो.

चुकीच्या गृहीतकावर मात्र सॉफ्टवेअरकडे इलाज नाही. 1979 साली खुन्याच्या नावाने एक ध्वनिफीत आली, वरिष्ठांनी ती खरी मानली, आणि तिच्यातील वेअरसाइडचा (ईशान्य इंग्लंडमधील संडरलंड परिसराचा) हेल ज्याच्या बोलण्यात नाही तो संशयाबाहेर गेला. सटक्लिफ यॉर्कशायरमधल्या ब्रॅडफर्डकडचा होता, त्याचा हेल वेगळा. ती फीत पाठवणाऱ्या भलत्याच माणसाला 2006 साली शिक्षा झाली.