पन्नासाव्या अंकानंतरचा बॅटमॅन

शनिवार, रात्री साडेअकरा

दुपारी भाच्याचा मेसेज आला. "मामा, टॉम किंगचा बॅटमॅन वाचायला घेतोय. कुठून सुरू करू?" टॉम किंग म्हणजे बॅटमॅन कॉमिक्सचा लेखक. साधा प्रश्न, पण त्याच्या उत्तरात माझी अख्खी संध्याकाळ गेली. 'पहिल्या अंकापासून' असं लिहिलं आणि खोडलं. 'छत्तीसपासून' असं लिहिलं, तेही खोडलं. शेवटी टॅब्लेट घेऊन गॅलरीत बसलो आणि स्वतःच पानं उलटत राहिलो.

किंगची बॅटमॅन मालिका: २०१६ ते २०१९, एकूण ८५ अंक, महिन्याला दोन. हे 'महिन्याला दोन' प्रकरण मला आधी कधी नीट कळलंच नव्हतं. अंकात साधारण वीस पानं. पंधरा दिवसांत तेवढी काढून देणं कुठल्याच चित्रकाराच्या हातात नसतं, म्हणून चित्रकार आलटून पालटून: डेव्हिड फिंच, मिकेल हानिन, क्ले मान, ली वीक्स. लेखक मात्र जवळजवळ कायम तोच. घोडे बदलतात, टांगेवाला एकच, आणि दमलेला टांगेवाला लगेच ओळखू येतो.

छत्तिसावा अंक आज पुन्हा वाचला. ब्रूस वेननं, म्हणजे बॅटमॅननं, सेलीना काइलला, म्हणजे कॅटवुमनला, मागणी घातलीय आणि ती हो म्हणालीय. सुपरमॅनला हे कळलंय, पण बॅटमॅननं स्वतः सांगितलं नाही म्हणून तो फुगलाय. इकडे सुपरमॅनची बायको लोइस त्याच्या मागे लागलीय की तू फोन कर, तिकडे सेलीना ब्रूसच्या. दोघं आपापल्या मारामाऱ्या करता करता नाही नाही म्हणतात, आणि तेवढ्यात दोघांच्याही तोंडून दुसऱ्याचं भरभरून कौतुक निघून जातं. समोरासमोर कुणी बोलणार नाही. आपल्याकडच्या दोन साडूंसारखं! पुढच्या अंकात चौघं जत्रेला जातात. तिथे सुपरहिरोंचा पोशाख असेल तरच आत सोडणार म्हणतात, म्हणून हे एकमेकांचे पोशाख चढवतात. बॅटमॅनच्या मुखवट्यावर चष्मा लावलेला क्लार्क, म्हणजे सुपरमॅन, बघून मी आजही एकटाच हसलो. खलनायक नाही, शहर वाचवायचं नाही, नुसत्या चौघांच्या गप्पा.

किंगला हे जमतं. दोन माणसं बोलत बसली की तो राजा. कथानक ढकलायला लागला की सगळी पात्रं एकाच आवाजात बोलू लागतात, अर्धं वाक्य, पुन्हा तेच अर्धं वाक्य, आणि पानभर फुगे.

पन्नासाव्या अंकाचं मात्र मी अजून मनावर घेतलेलं आहे. जुलै २०१८. वर्षभर लग्नाचा गाजावाजा, आणि अंक दुकानात यायच्या आधीच एका वर्तमानपत्रानं शेवट फोडला: सेलीना येत नाही. फोडला म्हणून राग नाही. लग्न मोडलं त्याचाही नाही. ब्रूस त्याच्या घरच्या जुन्या नोकराला, आल्फ्रेडला, साक्षीदार म्हणून उभा राहशील का विचारतो आणि म्हातारा काही न बोलता त्याला मिठी मारतो, त्या एका चौकटीसाठी मी अंकाला सगळं माफ केलं असतं. पण शेवटच्या पानावर कळतं की यामागे बेन हा खलनायक आहे. म्हणजे दोन माणसांमधलं दुखणं राहिलं बाजूला आणि तो झाला एका पैलवानाचा डाव. (वेन आणि बेन. मराठीत वाचताना हे यमक फारच चिकटतं.)

आणि लगेच ५१ ते ५३! मिस्टर फ्रीज या खलनायकावर तीन बायकांच्या खुनाचा खटला, आणि ज्युरीत ब्रूस वेन. अकरा जण म्हणतात दोषी, हा एकटा म्हणतो नाही. कारण फ्रीजला बडवून पकडणारा बॅटमॅन त्या रात्री लग्न मोडलेला माणूस होता, हे त्या खोलीत फक्त यालाच ठाऊक. स्वतःच्याच विरुद्ध साक्ष, तीही नाव न सांगता. ली वीक्सनं सगळं बंद खोलीत काढलंय, टाय, खुर्च्या, कंटाळलेले चेहरे. अख्ख्या मालिकेत मला याहून चांगलं काही सापडत नाही.

त्यानंतर ६१ ते ६९. मधली दोन सोडली तर सगळी बॅटमॅनची दुःस्वप्नं. सदुसष्टावा जवळजवळ शब्दांवाचून, नुसता पाठलाग, सुंदर. पण कथा चार महिने एक पाऊल पुढे नाही. तेव्हा दर पंधरा दिवसांनी पैसे मोजून मी चिडायचो. आज सलग वाचताना राग आला नाही. पानं मात्र भराभर उलटली, हे कबूल करतो.

सत्त्याहत्तराव्यात बेन आल्फ्रेडची मान मोडतो. अठ्ठ्याहत्तर, एकोणऐंशी? ब्रूस आणि सेलीना समुद्रकिनाऱ्यावर. त्याला बातमी कळलेली नाही, आपल्याला कळलीय. घरात मयत आणि वाचक वाळूत, अशी गत. आणि तिथेही दोघांची ती जुनी हुज्जत: आपण पहिल्यांदा भेटलो ते बोटीवर की रस्त्यात? दोघंही बरोबर, कारण १९४० च्या अंकात भेट बोटीवर आहे आणि १९८७ मध्ये ती रस्त्यावर आणली गेली. हा विनोद मला इतका आवडतो की किनाऱ्याचे अंक गाळ असं सांगायला हात धजावेना.

शंभर अंकांची ठरलेली किंगची ही मालिका ८५ वर थांबली, उरलेलं बारा अंकांच्या वेगळ्या मालिकेत गेलं. ते भाच्याला आत्ताच कशाला सांगू?

शेवटी लिहिलं: "२४, ३६, ३७, ५१ ते ५३, ६७ वाच. बाकीचं नंतर बघू."

दहा मिनिटांत उत्तर: "पण मामा, ५० गाळला तर ५१ मध्ये तो एवढा का चिडलाय ते कसं कळणार?"

बरोबर आहे त्याचं. पन्नास टाकला यादीत. मग पन्नाससाठी ४८, ४९ लागतात, त्यात जोकर आणि सेलीना चर्चच्या फरशीवर रक्तबंबाळ पडून गप्पा मारतात, ते तर हवंच. मग ३२, तिचा होकार. यादी अकरावर गेलीय आणि अजून बेनला हात लावलेला नाही.