ल्योंमधील पहिले जेवण आणि सोमवारची दुपार

पॅरिसहून ल्योंला वेगवान रेल्वेने जेमतेम दोन तास लागतात. तिकिटे, प्रवास, खोलीचा ताबा यांपैकी कशातही मला आणि आईला अडचण आली नाही. अडचण आली ती जेवणाची, आणि तीही ज्या शहराचे नाव फ्रान्समध्ये खाण्यासाठीच घेतले जाते तिथे.

बेलकूर चौकाजवळच्या खोलीत सामान टाकून आम्ही एक वाजता बाहेर पडलो. तो चौक एखाद्या मैदानाएवढा प्रशस्त आहे. जमीन तांबूस मुरमाची, मधोमध चौदाव्या लुईचा अश्वारूढ पुतळा आणि पश्चिमेला टेकडीवर फुर्विएरचे शुभ्र चर्च. सोन नदीच्या पुलावरून पलीकडच्या जुन्या शहराची पिवळी, केशरी, विटकरी घरे पाहताना मला वेळेचे भान राहिले नाही. आईला मधुमेह आहे आणि तिची एक गोळी जेवणाच्या आधी घ्यायची असते. दहा मिनिटांत जेवायला बसू, असे मी सांगितल्यामुळे तिने ती दीड वाजता पुलावरच घेतली.

पर्यटकांची गर्दी टाळून चांगले खावे, या विचाराने मी मुद्दाम आतल्या गल्लीत शिरले. पहिल्या खाणावळीच्या दारावर पाटी होती, ‘फेर्मे ल लँदी’, म्हणजे सोमवारी बंद. दुसरीचीही तीच गत. तिसरी उघडी होती. तेव्हा दोन वाजून दहा मिनिटे झाली होती. आत चार टेबलांवर माणसे निवांत जेवत होती, निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या आणि दाराजवळच्या फळीवर कापलेल्या पावाची टोपली होती. मी आत जाऊन इंग्रजीतून दोघींसाठी जागा मागितली. हातातल्या ताटल्या न ठेवताच मालक म्हणाला, ‘क्विझिन फेर्मे’, स्वयंपाकघर बंद. आईकडे बोट दाखवून मी औषधाचे सांगितले, निदान पाव तरी विकत द्या म्हणून विनवले. त्याने मान हलवली आणि तो आत निघून गेला.

चौथ्या ठिकाणी फक्त कॉफी मिळेल असे सांगितले. तोपर्यंत आईच्या कपाळावर घाम आला होता, बोटे थरथरत होती, आणि ती काही न बोलता एका घराच्या दगडी पायरीवर बसली. तिचे ते न बोलणे मी ओळखते: गोळी घेऊन पोटात काही न गेल्याने तिची साखर उतरली होती. पर्समधल्या साखरेच्या पुड्या आम्ही खोलीवरच्या बॅगेत ठेवून आलो होतो. (मधुमेही माणसाबरोबर फिरताना त्या अंगावरच ठेवाव्यात, हे इथेच सांगते.) मी कोपऱ्यापर्यंत धावले आणि तिथे एक बुलाँझरी, म्हणजे पावाची बेकरी, उघडी दिसली. काउंटरवर गुलाबी प्रालिन घातलेले ब्रिऑश होते. साखरेच्या गुलाबी कवचातले बदाम लोणीदार पावात भाजले की त्यांचा पाक होऊन कडेने ओघळतो आणि बोटांना चिकटतो. आई शाकाहारी आहे, पण केकमधले अंडे तिला चालते. पायरीवर बसूनच तिने निम्मे ब्रिऑश संपवले, आणि दहा मिनिटांनी म्हणाली, ‘आता तूही खा गं.’ तेव्हा कुठे मला रडू आले.

तिथले आचारी दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणाच्या मध्ये सुट्टीवर जातात, त्यामुळे दोननंतर चूल खरोखरच विझलेली असते, हे मला नंतर समजले. साधारण बारा ते दोन आणि संध्याकाळी सात-साडेसातनंतर, या वेळांबाहेर जेवण मिळेलच असे नाही, आणि रविवार संध्याकाळ व सोमवार अनेक ठिकाणी सुट्टी असते. नामवंत आचारी पॉल बोक्यूझ यांचे नाव दिलेल्या प्रसिद्ध बंदिस्त मंडईतील बहुतेक दुकानेही सोमवारी बंद असतात. ज्या पाटीवर ‘सेर्विस काँतिन्यू’ लिहिलेले असते, तिथे मात्र दुपारभर खायला मिळते. आचाऱ्याची सुट्टी मला मान्य आहे, पण फळीवरच्या पावाचा एक तुकडा नाकारणे मला आजही मान्य नाही.

मंगळवारी आम्ही बारा वाजून दहा मिनिटांनी एका बुशाँमध्ये, म्हणजे ल्योंच्या पारंपरिक खाणावळीत, पोहोचलो. या वेळी दारात पाऊल ठेवताच मी आधी ‘बोंझूर’ म्हटले आणि मगच जागा मागितली. तिथे अभिवादन न करता थेट काही मागणे उद्धटपणाचे समजतात. आदल्या दिवशी मी तेच केले होते.

बुशाँच्या यादीत डुकराचे मांस आणि आतड्याचे पदार्थच जास्त. साध्या दिसणाऱ्या ‘सालाद लियोनेझ’मध्येही डुकराच्या मांसाचे तुकडे असतात आणि केनेल नावाच्या मऊ, लांबट गोळ्यांमध्ये बहुधा पाईक नावाचा गोड्या पाण्यातला मासा असतो. तो मी खाल्ला आणि मला फार आवडला. आईसाठी ‘सेर्वेल द कान्यू’ मागवले. नावाचा अर्थ ‘विणकराचा मेंदू’, कारण हे शहर रेशीम विणणाऱ्यांचे होते. प्रत्यक्षात तो ताज्या मऊ चीजमध्ये बारीक चिरलेला कांदा आणि पातीसारखी हिरवी पाने कालवून केलेला पदार्थ आहे. आईने चमचा तोंडात घातला आणि म्हणाली, ‘अगं, हा तर मीठ घातलेला चक्का!’ (काटेकोर शाकाहारी वाचकांनी मात्र विचारून घ्यावे, कारण फ्रान्समधील अनेक चीज वासराच्या जठरातील रेनेट वापरून करतात.)

पाण्यासाठी ‘कराफ दो’ असे म्हणावे, म्हणजे नळाचे पाणी मोफत मिळते. नुसते पाणी मागितले तर विकतची बाटली येऊ शकते. सेवाशुल्क बिलात धरलेलेच असते. जेवणासोबतच्या पावाचे पैसे घेत नाहीत. टोपली रिकामी होताच वाढणाऱ्या बाईंनी न सांगता दुसरी आणून ठेवली आणि आईने वाटीतला उरलेला चक्का त्या पावाने निपटून घेतला.