सिगारेटचं खोकं म्हणजे कोण?

शनिवारी संध्याकाळी सहावी-सातवीची मुलं माझ्याकडे इंग्रजी कादंबऱ्या वाचायला येतात. लोइस लाउरी यांची ‘नंबर द स्टार्स’ सुरू झाली की कुणा ना कुणा पालकाचा प्रश्न येतोच. "ज्यूंच्या संहाराच्या काळातली गोष्ट, आणि तुम्ही मुलांना कथानक सांगा, पात्रांचे स्वभाव लिहा, यावरून काय अनुमान निघतं ते लिहा, असलं काय विचारता? गाइडातले प्रश्न झाले हे!" तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट सांगते.

कादंबरी १९८९ची, पण घडते १९४३ साली, जर्मनांच्या ताब्यातल्या डेन्मार्कमध्ये. कोपनहेगनमध्ये दहा वर्षांची ॲनमारी राहते, त्याच इमारतीत तिची ज्यू मैत्रीण एलन. ज्यूंची धरपकड होणार अशी कुणकुण लागते. एलनचे आईवडील लपायला निघून जातात, आणि एलन ॲनमारीच्या घरी राहते, तिची वारलेली थोरली बहीण लिसे म्हणून. रात्री जर्मन सैनिक दारात येतात. बाकीच्या दोघी मुली सोनेरी केसांच्या, ही एकटी काळ्या केसांची कशी, असा त्यांचा सवाल. वडील अल्बम काढतात, तीन मुलींचे तान्हेपणीचे तीन फोटो फाडून पुढे करतात. लिसेचं जावळ काळंभोर असतं. सैनिक निघून जातात.

इथे मी मुलांना पुढच्या ओळी वहीने झाकायला लावते. अख्खा अल्बमच का नाही दिला? आधी उत्तरं येतात, घाई होती, हात थरथरत होते. मग एखादी पोरगी हळूच म्हणते, "अल्बममध्ये आणखी काहीतरी असेल, जे दाखवायचं नव्हतं." वही बाजूला केली की कळतं. फोटोखाली, पानावर, तारीख लिहिलेली होती. खरी लिसे जन्मून एकवीस वर्षं झाली होती. आता सांगा, हा प्रश्न गाइडातला आहे का?

माझं म्हणणं एवढंच आहे, की या पुस्तकात अनुमान हा गोष्टीचाच विषय आहे. ज्याला जास्त माहीत, त्याला पकडलं तर जास्त धोका. म्हणून मोठी माणसं आडून बोलतात आणि मुलीला अर्धवट ऐकून उरलेलं जुळवावं लागतं. वडील कोळी असलेल्या हेन्रिकमामाला फोन करतात. मासेमारीला हवा बरी आहे का विचारतात आणि सांगतात, बायकोमुलींना पाठवतोय, सोबत सिगारेटचं एक खोकं आहे. ॲनमारीला ठाऊक असतं की शहरात सिगारेट मिळतच नाहीत. मग खोकं म्हणजे कोण? वाचणाऱ्याला तिच्या बरोबरीनेच ते उमगतं, तिच्या आधी नाही.

कथानकाचं तसंच. मामाच्या घरी बिर्टेआजीच्या नावाने शवपेटी मांडलेली असते. अशी कुणी आजी घरात कधी नव्हतीच, हे ॲनमारीच्या ध्यानात येतं. मामा कबूल करतो, पण सगळं सांगत नाही. कमी माहीत असलं की धीट राहणं सोपं जातं, असं त्याचं मत. रात्री सैनिक पेटी उघडा म्हणतात, तेव्हा आई शांतपणे सांगते की उघडायला हरकत नाही, पण मृत्यू टायफसने, म्हणजे संसर्गाने पसरणाऱ्या तापाने, झालाय. यावर तिला थोबाडीत खावी लागते, पण पेटी बंदच राहते. आत असतात पांघरुणं आणि गरम कपडे, होडीतून स्वीडनला निसटणाऱ्यांसाठी.

स्वभावलेखनाचं म्हणाल, तर ‘ॲनमारी शूर व प्रेमळ होती’ हे वाक्य मी सरळ खोडते. शेवटाकडे ती मामाच्या होडीवर पोचवायची टोपली घेऊन जंगलातून धावते आणि कुत्रे घेतलेले सैनिक तिला अडवतात. तेव्हा ती मुद्दाम आपल्या पाच वर्षांच्या धाकट्या बहिणीसारखी बावळट बडबड करते. किर्स्टीचा बालिशपणा लेखिकेने पहिल्या प्रकरणापासून का पेरला, ते इथे कळतं. टोपलीत एक रुमाल असतो. वाळवलेलं सशाचं रक्त आणि कोकेन लावलेला. हुंगला की कुत्र्यांचं नाक काम करेनासं होतं, आणि होडीत लपलेल्यांचा वास त्यांना लागत नाही. असे रुमाल खरोखर वापरले गेले होते. ‘तू तिच्या जागी असतीस तर?’ हा प्रश्न मात्र मी विचारत नाही. त्याला सगळी मुलं एकच शूर उत्तर देतात.

एक आक्षेप मला मान्य आहे. ही सुटकेची गोष्ट आहे, आणि डेन्मार्क हा अपवाद होता. डुकविट्झ नावाच्या जर्मन अधिकाऱ्यानेच धरपकडीची बातमी आधी फोडली, आणि सुमारे ७,२०० ज्यू समुद्र ओलांडून स्वीडनला पोचले. साधारण ४७० पकडले जाऊन टेरेझिनश्टाटच्या नाझी छावणीत गेले. हेन्रिकमामाचं गाव गिलेलाय खरं आहे. तिथल्या चर्चच्या माळ्यावर लपलेल्या ऐंशीच्या आसपास ज्यूंना त्याच ऑक्टोबरमध्ये गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, पकडलं. हे कादंबरीत नाही. म्हणून पुस्तक संपल्यावर मी फळ्यावर हॉलंडचे आकडे लिहिते: १,४०,००० ज्यू, त्यातले १,०२,००० च्या आसपास मारले गेले. एवढा फरक का, हे मुलांनाच शोधायला सांगते. नकाशा काढतात, स्वीडन किती जवळ होतं ते मोजतात, डेन्मार्कमध्ये ज्यू मुळात किती थोडे होते ते बघतात, तारखा ताडून पाहतात. वाद घालतात, आणि एका उत्तराने कुणाचंच समाधान होत नाही.

आणि वयाचं विचारलंत, तर सहावीपासून चालेल. लिसे अपघातात गेली नव्हती, भूमिगत चळवळीत होती म्हणून जर्मनांनी तिला गाडीखाली घातलं, हे अगदी शेवटी उघड होतं. त्या दिवशी मूल घरी येऊन काही बोललं नाही, तर लगेच विचारू नका. आधी तुम्ही ते प्रकरण वाचा.