वेडा पटतो, शहाणा पटत नाही

आमचे दिग्दर्शक अण्णा काल तालीम संपल्यावर किल्ली चाचपत चाचपत म्हणाले, "वेडा झकास करतोस रे. शहाणा झालास की मात्र खोटा वाटतोस." आणि गेले. त्यांच्या लेखी ती एक नोट होती, डावीकडून एन्ट्री घे म्हणतात तसली. मला झोप लागली नाही असं नाही, लागली, पण सकाळी डोळे उघडायच्या आधी ते वाक्य उठून बसलं होतं.

आता ह्यात एवढं लागण्यासारखं काय आहे? अर्धी तर तारीफच आहे. ताईला सांगितलं तर ती हसली आणि म्हणाली, "म्हणजे नॅचरल आहेस." मी काही बोललो नाही. ताईने हे बोलावं ह्याचंच... जाऊ दे. आत्याचा विषय इथे काढायचा नाही असं ठरवलंय.

नाटक इटालियन नाटककार पिरांदेल्लोचं, 'हेन्री चौथा', १९२२ चं, आणि तो हेन्री मी. एक श्रीमंत माणूस सोंगांच्या मिरवणुकीत अकराव्या शतकातल्या जर्मन सम्राटाचा वेश करून घोड्यावर बसतो, घोडा उधळतो, हा डोक्यावर पडतो आणि शुद्धीवर येतो तो स्वतःला खरोखरच सम्राट समजत. मग घरचे त्याच्यासाठी बंगल्यात दरबार थाटतात, पगारी सरदार ठेवतात. (नव्याने भरती झालेला सरदार बिचारा चुकून फ्रान्सच्या हेन्री चौथ्याचा अभ्यास करून आलेला असतो, ह्या जागेला आमच्यात दर तालमीला हसतात, मीपण.) बारा वर्षं तो खरा वेडा असतो. मग बरा होतो, आणि कोणाला सांगतच नाही. पुढची आठ वर्षं जाणूनबुजून सम्राट बनून राहतो, वेड घेऊन पेडगावला, तेही मुक्कामाला.

माझं घोडं अडतं ते दुसऱ्या अंकात. पाहुणे गेले की तो त्या सरदारांसमोर एकदम सोंग टाकतो आणि सांगून टाकतो की मी वेडा नाही. तोपर्यंत मी मजेत असतो. मध्येच कोणाला तरी रोखून बघणं, रडता रडता बारीक डोळ्यांनी हिशेब लावणं, गालांवरचा तो भडक लाल रंग, कानशिलांवरचे रंगवलेले केस आणि मागे तसेच राहून गेलेले पांढरे, हे सगळं मला सापडलंय. आणि शुद्धीवरची वाक्यं आली की पाठ ताठ होते. हात कुठे ठेवावेत कळत नाही म्हणून ते मी मागे बांधतो. आवाज एक पट्टी खाली, प्रत्येक शब्दाचं टोक स्वच्छ, नोटीस वाचून दाखवतोय असा. हे मला आतून कळत होतं, अण्णा बोलायच्या आधीपासून. लागलं ते त्यामुळेच असणार.

दिवसभर हेच डोक्यात. वेडा करणं सोपं का पडतं? कारण वेडाचं सामान रंगभूमीवर तयार असतं. विस्कटलेले केस, अर्धवट हसू, कोपऱ्यात कोणी नसताना कोपऱ्याशी बोलणं, 'हॅम्लेट'मधल्या वेड लागलेल्या ओफेलियाने वाटलेली फुलं. त्यातलं दोन-तीन उचललं की प्रेक्षक समजून घेतो. खरं वेड असं दिसत नाही हे मला माहीत आहे, आणि कसं माहीत आहे ते लिहायचं नाही असं वर ठरलंय. पण शहाण्याचं सामान काय? शहाणा म्हणजे ज्याच्याकडे कोणी वळून बघत नाही तो, आणि स्टेजवर तर सगळे बघायलाच आलेले असतात. 'नटसम्राट'चे आप्पा शेवटी आपल्या जुन्या भूमिकांमध्ये शिरून बोलायला लागतात तेव्हा थिएटरमध्ये कोणाला ते खोटं वाटतं का? नाही वाटत. तेच आप्पा आधीच्या अंकात साधे घरात वावरतात, ते करून दाखवणं जास्त अवघड आहे असं मला आता वाटायला लागलंय, पण हे अण्णांना सांगितलं तर म्हणतील पळवाटा काढू नकोस.

शिवाय मी शहाणा आहे हे सांगायला माणूस उभा राहिला की तो तिथेच संपतो. चेकॉव्हची 'वॉर्ड नंबर सहा' (१८९२ ची) आज परत चाळली. डॉक्टर रागिन, स्वतः त्या हॉस्पिटलचा डॉक्टर, आणि त्याच्यावर संशय का, तर वेड्यांच्या वॉर्डात जाऊन एका पेशंटशी तासन्‌तास गप्पा मारतो, कारण गावात बोलण्यासारखा तो एकच माणूस आहे. मग एक दिवस दुसरा डॉक्टर त्याला केस दाखवायच्या निमित्ताने तिथे नेतो, स्टेथोस्कोप आणतो म्हणून सटकतो, आणि पहारेकरी निकिता कपडे घेऊन येतो. रागिन भांडत नाही. गुपचूप स्वतःचे कपडे उतरवतो. आखूड चड्डी, लांब सदरा, माशाचा वास मारणारा गाऊन. आणि मनाची समजूत घालत बसतो की कोट काय, युनिफॉर्म काय, हा गाऊन काय, सगळं एकच. आणि मग खिसा चाचपतो. घड्याळ? वही? सिगरेटी? त्या जागी मी पुस्तक मिटलं. डोकं सकाळी होतं तेच आहे त्याचं, फक्त कपडे बदललेत, आणि आता तो जे बोलेल ते लक्षण.

चिनी लेखक लू शुनची गोष्ट तर अजून बेरकी आहे. १९१८ ची, वेड्याची रोजनिशी. त्याला खात्री पटलेली की आजूबाजूचे सगळे माणसं खातात. पण सुरुवातीलाच एक छोटी प्रस्तावना आहे, की हा गृहस्थ आता बरा झालाय आणि सरकारी नोकरीच्या खटपटीत बाहेरगावी गेलाय. प्रस्तावना जुन्या, पंडिती चिनी भाषेत आणि वेड्याचं लिखाण साध्या बोलीत. म्हणजे बरा झाल्याची बातमी परिपत्रकाच्या थाटात! हे वाचून मी मोठ्याने हसलो, कारण मी दुसऱ्या अंकात तंतोतंत तेच करतोय. आणि हसून झाल्यावर परत वाईट वाटायला लागलं.

कारण प्रश्न तालमीपुरता राहिलाच नाही ना. मी एरवीही असाच आहे. फोनवर, लग्नकार्यात, लिफ्टमध्ये. बरा आहे, मजेत, तुम्ही कसे आहात, अरे वा. पाठ ताठ, हात मागे. लोकांना हे पटतं, की इतकी वर्षं कोणी अण्णांसारखं तोंडावर बोललं नाही एवढंच? जो माणूस शहाणा असताना नट वाटतो आणि वेडा असताना खरा, त्याने नेमकं काय समजायचं स्वतःला? आणि ही वही कोणासाठी लिहितोय मी? रशियन लेखक गोगोलच्या गोष्टीतल्या, वेडा होत जाणाऱ्या कारकुनाची रोजनिशी (१८३५) चांगली ३ ऑक्टोबरपासून सुरू होते, नीट तारीख-वार, आणि मग एका पानावर येतं सन २०००, एप्रिल ४३. त्या दिवशी त्याला शोध लागतो की स्पेनला राजा मिळालाय आणि तो राजा आपणच. मी वर जाऊन आजची तारीख बघून आलो. बरोबर आहे. बघायला गेलो हे किती बरोबर आहे माहीत नाही.

पण त्या कारकुनावर जरा अडकलो. त्याला शंका म्हणून येत नाही. स्पेनचा राजा मी, विषय संपला. इतका ठाम तो आधी कारकून असताना कधीच नव्हता. म्हणून मग शेक्सपिअरचं 'किंग लिअर' काढलं. वादळातला लिअर बघा, विजेला हुकूम सोडतोय, पावसाला हुकूम सोडतोय. त्या माळरानावर तीन तऱ्हा एकत्र भिजतायत, खरा वेडा होत चाललेला राजा, वेडाचं सोंग घेतलेला एडगर आणि वेडगळ बोलण्याचा पगार खाणारा विदूषक. (१६८१ मध्ये नाहुम टेट नावाच्या गृहस्थाने ह्या नाटकाचा शेवट गोड केला आणि विदूषकाला काढूनच टाकलं, आणि लोकांनी ते दीडशेच्या वर वर्षं चालवून घेतलं. सगळ्यात शुद्धीवरचा माणूस तोच होता, तो गेला आणि कोणाचं अडलं नाही.)

मला हवा होता तो चौथा अंक. लिअर झोपून उठतो, वेड ओसरलंय, समोर धाकटी मुलगी कॉर्डेलिया. आणि शुद्धीवर आलेला राजा बोलतो काय? हे हात माझेच आहेत असं शपथेवर सांगू शकत नाही म्हणतो. टाचणी टोचून बघतो, टोचतेय का. हे कपडे माझे कधी झाले, काल रात्री मी कुठे झोपलो, आठवत नाही. मी मूर्ख म्हातारा आहे, ऐंशीच्या पुढचा, आणि मला भीती वाटते की माझं डोकं पुरतं ठिकाणावर नाही. संपूर्ण नाटकात तो इतकं शहाणं काही बोललेला नाही! ते वाक्य मी चार वेगवेगळ्या आवाजांत म्हणून बघितलं, खोलीत, दार लावून. खालच्या पट्टीत नोटिशीसारखं म्हटलं की मरतं ते. अडखळत म्हटलं की उभं राहतं.

आणि ते बटण. वादळात तो अंगावरचे कपडे ओरबाडतो, हे बटण सोडा म्हणतो, आणि ते वेड असतं. अगदी शेवटी कॉर्डेलियाला मांडीवर घेऊन परत तेच, जरा हे बटण सोडता का, आणि लगेच, आभारी आहे. आता शेवटी तो शुद्धीवर असतो का ह्यावर विद्वान भांडोत. मला एवढंच दिसलं की दोन्हीकडे बटणच आहे, आणि मधल्या दोन अंकांत तो आभार मानायला शिकलाय.

म्हणजे हात कुठे ठेवावेत ते न कळणं, ज्याची मला इतकी लाज वाटत होती, ती जागा आयती माझ्याकडे होती आणि मी ती पाठीमागे बांधून ठेवत होतो. पिरांदेल्लोचा माणूस तरी वेगळा काय असणार? बारा वर्षांनी जागा झाला तर केस पांढरे झालेले, मेजवानी उरकलेली, जिच्यावर जीव होता ती दुसऱ्याकडे. असा माणूस ताठ उभा राहून निवेदन कशाला करेल. तो आधी स्वतःचेच हात बघेल. उद्या अण्णांना न विचारता हात मोकळे सोडून बघणार आहे. फार तर म्हणतील की आता शहाणाही वेडाच वाटतोस. म्हणू देत, निदान दोन्ही एकाच माणसाचे वाटतील. लिफ्टमध्ये काय करायचं ते नंतर बघू.

एक मात्र आहे. शेवटच्या प्रवेशात मी बेलक्रेदीला, म्हणजे ती ज्याच्याकडे गेली त्या दुसऱ्याला, तलवार खुपसतो, त्याला उचलून आत नेतात आणि तो ओरडत राहतो की हा वेडा नाही, हा वेडा नाही. त्या घटकेला माझ्या शहाणपणाची खात्री देणारा हा एवढा एकच साक्षीदार, आणि त्याला मीच मारलेला, त्यामुळे आता मला जन्मभर वेडाच राहणं भाग आहे. बेलक्रेदी करणाऱ्याने मगाशी मेसेज टाकलाय की ते वाक्य विंगेतून ओरडून म्हणू की कण्हत म्हणू. म्हटलं ओरड बाबा, शेवटच्या रांगेपर्यंत जाऊ दे.