पिक्सिन कोकोएस: गोव्यातील एका सर्वत्र दिसणाऱ्या लायकेनची नोंद करताना

गोव्यात माडाच्या खोडांवर आणि आंब्याच्या सालीवर राखी-पांढरे, सालीला घट्ट चिकटलेले चट्टे दिसतात, त्यांपैकी बरेचसे लायकेनचे, म्हणजे बुरशी आणि शैवाल यांच्या सहजीवनातून बनलेल्या जीवांचे असतात. मसाल्यातले दगडफूल याच जीवगटातले. 2002 च्या जैवविविधता कायद्यानुसार स्थानिक समितीने ठेवायची लोक जैवविविधता नोंदवही आमच्या सत्तरी तालुक्यातील गावासाठी तयार होत असताना मी तिच्यात पिक्सिन कोकोएस या जातीचा आढळ आणि संवर्धनस्थिती नोंदवण्याचे काम मागून घेतले. ही जात उष्ण कटिबंधात जगभर पसरलेली असून स्वार्ट्झ या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने 1788 मध्ये तिचे वर्णन केले.

पहिला टप्पा ओळख पटवण्याचा होता आणि सर्वांत जास्त वेळ त्यालाच लागला. पिक्सिन कोकोएस आणि डिरिनारिया अप्लानाटा या दोन जाती एकाच खोडावर शेजारी वाढतात आणि नुसत्या डोळ्यांना जवळजवळ सारख्या दिसतात; पण पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणाचा थेंब टाकल्यावर डिरिनारियाचा पृष्ठभाग पिवळा होतो, तर पिक्सिन कोकोएसचा रंग बदलत नाही. याउलट, अंधारात अतिनील टॉर्चच्या प्रकाशात पिक्सिन कोकोएसमधील लायकेझॅन्थोन हे द्रव्य पिवळे चमकते. या कुळातल्या आणखीही काही जाती अशाच चमकत असल्याने ब्लेडने काप घेऊन आतील थर पांढरा आहे की पिवळा, हेही पाहावे लागले. एवढे केल्यावरच मी नाव लिहिले, आणि शंका उरलेले नमुने तज्ज्ञांकडे पाठवले. कुळागरात, म्हणजे माड-पोफळीच्या बागेत, मालकाची संमती मी आधी घेत असे. अभयारण्यात वन खात्याच्या परवानगीवाचून काहीही गोळा करता येत नाही, म्हणून तेथे केवळ छायाचित्रांवर भागवले. प्रत्येक नमुना वाळवून कागदी पाकिटात ठेवला आणि वर ठिकाण, तारीख, झाड व जमिनीपासूनची उंची लिहिली. ही माहिती नसलेला नमुना पुढच्या अभ्यासकाच्या फारसा उपयोगाचा नसतो.

संवर्धनस्थितीच्या रकान्यात काय लिहायचे, हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटला. समितीतील काहींचे म्हणणे होते की जे सगळीकडे दिसते, त्यापुढे ‘धोका नाही’ असे लिहून टाकावे. हे म्हणणे मला पटले नाही, कारण जातींना नामशेष होण्याचा किती धोका आहे हे नोंदवणाऱ्या आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत ‘कमी चिंतेची’ आणि ‘मूल्यमापन न झालेली’ हे दोन वेगळे वर्ग आहेत. पहिला शिक्का मूल्यमापनानंतर मिळतो. दुसरा फक्त ते व्हायचे आहे एवढेच सांगतो. या यादीत लायकेनची भर पडली तीच 2003 मध्ये, क्लॅडोनिया परफोराटा आणि एरियोडर्मा पेडिसेलाटम या दोन जातींपासून, आणि आजही हजारो जातींपैकी फार थोड्यांचे मूल्यमापन झालेले आहे.

व्याप्ती मोजण्यासाठी त्या यादीची पद्धत दोन किलोमीटर बाजूचे चौकोन वापरते. गोव्याच्या 3,702 चौरस किलोमीटरमध्ये असे नऊशेहून अधिक चौकोन बसतात. माझ्या नोंदी नकाशावर मांडल्यावर त्यांचा पुंजका वाळपई, साखळी आणि त्यांना जोडणाऱ्या रस्त्यांभोवतीच दिसला; म्हणजे त्या नकाशात लायकेनइतकेच माझे फिरणेही उमटले होते. लायकेन ही साधारणपणे स्वच्छ हवेची खूण मानली जाते, पण ही जात धूळ व प्रदूषण बऱ्यापैकी सोसते, आणि खनिजवाहू ट्रकांच्या मार्गाकडेच्या झाडांवरही ती मला भेटली. त्यामुळे ती दिसते म्हणजे हवा स्वच्छ आहे, असा निष्कर्ष काढता येत नाही.

अखेर समितीने रकान्यात ‘आढळ सामान्य, मूल्यमापन झालेले नाही’ असे लिहिण्यास मान्यता दिली. नकाशावर मी न पाहिलेले चौकोन वेगळ्या रंगाने दाखवले असून, पाहूनही लायकेन न सापडलेल्या चौकोनांपासून ते स्पष्टपणे निराळे ठेवले आहेत. म्हादईच्या अभयारण्यालगतचे चौकोन अजून न पाहिलेल्यांच्याच रंगात आहेत आणि पावसाळा ओसरल्यावर तेथूनच पुढचे काम सुरू करायचे आहे.