१९ की २१

गुरुवारी दुपारी जतकडून वडाप जीपने आलेल्या मुलाने आमच्या मिरजेच्या लॅबमध्ये आईच्या स्तनाच्या गाठीची बरणी आणून दिली. झाकण काढलं आणि जीव चरकला. गाठ मधोमध चिरलेली. ऑपरेशन झाल्या झाल्या डॉक्टरांनी ती कापून नातेवाइकांना दाखवली होती. आपल्याकडे हे सर्रास चालतं, आणि ते चूक आहे.

अखंड तुकडा आला की बाहेरून शाई लावायची, ५-५ मिलिमीटरचे काप घ्यायचे, म्हणजे गाठ तिन्ही अंगांनी मोजता येते. इथे दोन्ही अर्धुकं फॉर्मेलिनमध्ये, म्हणजे तुकडा टिकवायच्या द्रावणात, वेगवेगळी कडक झालेली, कापलेली तोंडं फुगून आलेली. जुळवली तरी मध्ये फट राहायची. आडवी मोजली तर एकात १२ मिलिमीटर, दुसऱ्यात ९. बेरीज २१. कापलेल्या तोंडावर उभी मोजली तर २३.

सुरीखाली कच्च्या पेरूसारखी करकरली, तेव्हाच कॅन्सरचा अंदाज आला होता. पण डोळ्यांना दिसतो तो सगळा भाग मापात धरत नाहीत. शनिवारी स्लाइड हातात आल्या. त्या २३ मधल्या कडेच्या ४ मिलिमीटरमध्ये कॅन्सरच्या पेशी दुधाच्या नळ्यांच्या आतच होत्या, भिंत ओलांडलेली नव्हती. तेवढा भाग वगळला. उरलेल्याच्या दोन टोकांना काचेवर मार्करने ठिपके दिले, पट्टी ठेवली. १९.

म्हणजे उभी १९. आणि आडवी? तोंडं फुगल्यामुळे ते २१ खरे होते की वाढलेले?

गाठीच्या आकाराची पायरी यावर ठरते: २० मिलिमीटरपर्यंत टी१, त्यापुढे टी२. काखेतले लिम्फ नोड (लसिका ग्रंथी) सगळे स्वच्छ, कॅन्सर नाही, त्यामुळे स्टेज १ की २ हे या दोन मिलिमीटरवर अडलेलं. शंका असेल तर खालची पायरी लिहायची, असा टीएनएमचा, म्हणजे कॅन्सरची स्टेज ठरवायच्या पद्धतीचा, नियमच आहे. मी टी१ लिहिलं. गाठ कापलेली आली, आडवं माप खात्रीचं नाही, हेही खाली स्पष्ट लिहिलं.

सोमवारी मुलगा रिपोर्ट न्यायला आला. "मॅडम, लई मोठी नव्हती न्हवं?"

"नाही. दोन सेंटिमीटरच्या आसपास."

"मी बघितली की. डॉक्टरांनी कापून दाखवलेली."

मी त्याला पुढे काही बोलले नाही. संध्याकाळी सगळे गेल्यावर स्लाइड पुन्हा काढली, ठिपके पुसून नव्याने दिले. उभी १९ च भरली.