ओरिजिनल कुठलं?

आम्ही सात जण, सगळे छापचित्रे करणारे. दिवसा कुणी शाळेत चित्रकला शिकवतं, कुणी फ्लेक्सच्या दुकानात डिझाइन करतं. दोन वर्षं दर रविवारी एका मित्राच्या गॅरेजमध्ये लिनो, म्हणजे ठसा कोरायची मऊ जाड शीट, कोरत होतो. या फेब्रुवारीत कोल्हापुरात, दसरा चौकातल्या शाहू स्मारक भवनाच्या कलादालनात आमचं पहिलं प्रदर्शन भरवलं. ४१ चित्रं, मंगळवार ते रविवार, आणि शेवटच्या दिवशी कार्यशाळा, असा बेत होता.

तयारीची दगदग फार सांगत नाही. ११ फ्रेमा आदल्या संध्याकाळी हातात आल्या, त्यातल्या दोन मापाला चुकलेल्या. ती चित्रं नुसत्या माउंटवर लावली.

पहिल्याच दुपारी एका गृहस्थांनी माझ्या चित्राखाली पेन्सिलीने लिहिलेलं ‘३/१०’ वाचलं आणि विचारलं, “म्हणजे ही झेरॉक्स? मग ओरिजिनल कुठलं?” मी सांगितलं, ठसा मी कोरलाय, दहा छाप हाताने काढलेत, हा त्यातला तिसरा आणि दहाही मूळच. त्यांनी मान डोलावली आणि पुढे गेले. संध्याकाळपर्यंत आमच्यातल्या प्रत्येकाला हा प्रश्न आला होता. आबालाल रहमान, बाबूराव पेंटर या इथल्याच चित्रकारांच्या रंगांवर वाढलेलं हे गाव. कॅनव्हास एकच असतो हे इथल्या डोळ्यांत मुरलंय. तोंडी सांगून ते हलणार नव्हतं.

त्याच रात्री ठरवलं, रविवारची वाट बघायची नाही. परवानगी घेऊन, खाली ताडपत्री अंथरून, बुधवारी सकाळी दोन टेबलं दालनाच्या मधोमध मांडली.

थंडीत लिनो कडक होतो, म्हणून तुकडे आधी उन्हात तापवून घेतले. प्रत्येक टेबलाच्या कडेला लाकडी पट्टी अडकवली, म्हणजे लिनो सरकत नाही आणि दुसरा हात हत्याराच्या पुढे जात नाही. लहान मुलांना हत्यारं दिलीच नाहीत; त्यांना अर्ध्या कापलेल्या भेंड्या आणि बटाटे. छापायला प्रेस, म्हणजे दाबयंत्र, लागत नाही हे या माध्यमाचं मोठेपण आहे. चित्रकार चित्तप्रसादांची बालमजुरांची चित्रं लिनोवरच कोरलेली आहेत. कागद ठेवायचा आणि स्टीलच्या चमच्याच्या पाठीने घासायचं. कागद उचलला जातो त्या क्षणी टेबलाभोवती जी शांतता पसरायची, ती मला आजही आठवते.

गुरुवारी एक आजोबा आले. त्यांनी उभी हयात छापखान्यात, ट्रेडल मशीनवर आणि खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, जुळवण्यात घालवलेली. मी शाई लाटत होतो. ते म्हणाले, “बाळा, शाई जास्त झालीया. रोलरचा आवाज ऐक की.” खरंच, जाड शाई चपचप करते, बरोबर पसरली की रोलरखाली बारीक चुरचुर येते. मग ते रोज आले. एका मुलीने स्वतःचं नाव सरळ कोरायला घेतलं होतं, छापात ते उलटं आलं असतं. आजोबांनी ते पाहून तिच्या लिनोवर अक्षरं उलटी काढून दिली, आपण सही करावी इतक्या सहज. बऱ्याच वर्षांनी हात लावला, म्हणाले.

आमची शाई तेलाची. वाळायला तीन-चार दिवस लागतात. त्यामुळे छाप लगेच नेता येत नव्हते, सुतळीवर चिमट्यांनी वाळत घातले. लोक ते न्यायला पुन्हा आले, घरच्यांना घेऊन आले, आणि आता भिंतीसमोर थांबू लागले. “ही रेघ एका दमात मारलीय का?” “एवढं काळं कसं आलं?” असले प्रश्न. झेरॉक्सचा प्रश्न टेबलावर बसून गेलेल्या एकानेही विचारला नाही. मंगळवारचे गृहस्थ शनिवारी नातवाला घेऊन आले, स्वतः एक पान कोरलं आणि पाच छाप काढून खाली ‘१/५’, ‘२/५’ लिहीत बसले.

चित्रं नऊ विकली गेली, भाडं आणि कागदाचा खर्च निघाला. फ्रेमांचे पैसे अजून सात जणांत वाटायचेत.

रविवारी रात्री दालन मोकळं करताना सुतळीवर १४ छाप होते, काही अजून ओले. मागे पेन्सिलीने नावं आणि फोन नंबर आहेत. वाळतील तसे घरोघरी पोचवतो आहोत.